येतो गं

पुंडलिकरावांनी मिशा काळ्या केल्या आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

आदल्या रविवारी त्यांच्या सुनेनं, तनुजानं, मुकुंदवाडीतल्या घरच्याच स्वयंपाकघरात शॉर्टफिल्म काढायला घेतली होती. गोष्ट साधीच. म्हाताऱ्याला साखर बंद, म्हातारी फिका चहा देते, म्हातारा चोरून साखर घालतो, आणि रोज सकाळी भांडण. म्हातारा-म्हातारी म्हणून सासरे पुंडलिकराव आणि सासू लक्ष्मीबाई घरात आयतेच होते. पुंडलिकरावांनी काम असं केलं की बघत राहावं. साखरेचा डबा उघडताना पावलाचा आवाज नाही, बशीतला चहा भुरकताना डोळे आपोआप मिटलेले, आणि पांढऱ्या मिशीला लागलेला चहासुद्धा कॅमेऱ्यात आलेला. उरलेली फिल्म या रविवारी करायची होती. तर आपण आता सिनेमातले म्हणून हा गृहस्थ शनिवारी सलूनमध्ये गेला आणि केस, मिशा, भुवया, सगळं काळंकुळकुळीत करून आला.

"कसा दिसतोय?" वर पुन्हा त्यांनीच विचारलं.

कॅमेरा घेऊन आलेली मुबश्शिरा दारातच थबकली. ही तनुजाची मैत्रीण. तिचा भाऊ ओवैस लग्नांची शूटिंग करायचा, आणि त्याचा जुना कॅमेरा आज संध्याकाळपर्यंतच मिळणार होता.

"चाचा, ये क्या करके आए जी तुम?" ती म्हणाली. "पिछले सीन में सफेद, इसमें काला! लोगां बोलेंगे, बुड्ढे का छोटा भाई आया."

लक्ष्मीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण सुनेचा चेहरा दिसला आणि त्यांचं हसू जागच्या जागी जिरलं. पोरगी रडवेली झाली होती. येत्या शनिवारी एका कॉलेजच्या हॉलमध्ये शहरातल्या नवख्यांच्या फिल्मा दाखवणार होते आणि तनुजानं धीर करून नाव दिलं होतं. याआधीच्या तिच्या दोन्ही फिल्मा फसल्या होत्या. एकीत बोलण्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्याच जास्त, दुसरीत सगळ्यांची मुंडकी उडालेली. शिकवणारं कोणी नाही. फोनवर बघून, चुकून, पुन्हा करून ही पोर शिकत होती. आता सगळं पहिल्यापासून काढायला कॅमेरा कुठला?

ओट्याला टेकून तनुजानं मागच्या रविवारचे तुकडे पुन्हा पाहिले; शेवटच्यात सासरे पिशवी घेऊन दारातून निघत होते. मग हळूच म्हणाली, "मामा, काळ्या मिशा दाखवता यायच्या नाहीत. गोष्टीत तुम्हाला जावं लागतंय."

"कुठं?"

तिनं बोट वर केलं.

"ए पोरी!" लक्ष्मीबाई कडाडल्या. "जीभ आवर. भरल्या घरात आसलं बोलत्यात व्हय? वास्तू तथास्तु म्हनती!"

त्यांच्या घरात बांगडी फुटत नसे, वाढत असे. दिवा विझत नसे, शांत होत असे. बाहेर निघालेला माणूस कधी 'जातो' म्हणत नसे, 'येतो' म्हणत असे. तोंडातून चुकून 'जातो' निघालंच, तर त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून नीट म्हणायला लावत. आणि गेल्या वर्षी याच नवऱ्याच्या हृदयात स्प्रिंग बसवली, तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्यांनी जे काही सोसलं, त्याचा शब्द आजपर्यंत कुणापाशी काढला नव्हता. त्यांना भीती वाटत होती, खरीखुरी.

"फोटोला हार नाय घालायचा," त्यांनी बजावलं. "चादर नाय. माझं कुंकू नाय पुसायचं. अन् तो शब्द तर कुनीच काढायचा नाय."

दुसरी एखादी म्हणाली असती, मग फिल्म कशी व्हायची? तनुजा तसं म्हणाली नाही. तिनं विचार केला. "बरं, आत्याबाई. यातलं काहीच नाही. तुम्ही नुसता दोघांचा चहा करायचा, टेबलावर ठेवायचा आणि वाट बघायची."

"येवढंच? ते तर मी रोजच करते."

कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवला, खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. लक्ष्मीबाईंनी चहा गाळला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि फसकन हसल्या, कारण कॅमेऱ्यामागं उभे राहून पुंडलिकराव आपल्या नव्या भुवया नाचवत होते. पुन्हा चहा, पुन्हा भुवया. शेवटी तनुजानं त्यांच्या हातात पिशवी दिली.

"मामा, तेवढी कोथिंबीर आणा बरं."

"येतो गं," म्हणून ते निघाले.

आणि आलेच नाहीत. कोपऱ्यावर कोथिंबीर मिळते, त्याला किती वेळ लागावा? लक्ष्मीबाई समोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. चहावर साय धरली. त्यांची नजर दाराकडे गेली, घड्याळाकडे गेली, परत दाराकडे. समोर कॅमेरा आहे हे त्या विसरल्या. न सांगता त्यांचा हात साखरेच्या डब्याकडे गेला आणि नवऱ्याच्या कपात त्यांनी चमचाभर साखर घातली; जणू तेवढ्यानं माणूस लवकर येणार होता. पिठाच्या डब्यापाशी वाकलेल्या तनुजानं कॅमेरा चालूच ठेवला होता.

पुंडलिकराव आले ते मिशांचं कौतुक चौकातल्या चार जणांकडून ऐकून. कोथिंबीर विसरून. त्यानंतर लक्ष्मीबाई जे बोलल्या ते कॅमेऱ्यात घेण्यासारखं नव्हतं.

बुधवारी दुपारी तनुजानं सासूला लॅपटॉपसमोर बसवलं. सॉफ्टवेअर फुकटातलंच. पडद्यावर आधी पुंडलिकराव साखर चोरत होते, त्याला लागून लक्ष्मीबाईंचा चेहरा.

"चिडलेली दिसते मी," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"आता बघा." तनुजानं साखरचोरी काढून तिथं दुसरा तुकडा बसवला. पहिल्या रविवारचा. पांढऱ्या मिशांचे पुंडलिकराव पिशवी घेऊन दारात वळून म्हणतात, "येतो गं." मग रिकामी खुर्ची. मग लक्ष्मीबाईंचा चेहरा, तोच, आणि साखर घालणारा हात.

लक्ष्मीबाई पडद्याकडे वाकल्या. एक शब्द वावगा नव्हता. हार नव्हता, चादर नव्हती, कपाळावर कुंकू ठसठशीत होतं. आणि तरी बाकड्यावरचं सगळं तिथं होतं.

"म्या तर तुला कधी सांगितलं नाय," त्या म्हणाल्या.

"नाही सांगितलंत, आत्याबाई."

लक्ष्मीबाईंनी सुनेची बोटं हातात घेऊन पाहिली. भांडी घासून खरखरीत झालेली, साधीच बोटं. पोळ्या बऱ्या येतात एवढंच आजवर त्यांना या बोटांविषयी ठाऊक होतं. "लई मोठं काम हाय गं तुझं," त्या म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आला.

शनिवारी हॉल भरला होता. साखरचोरीला लोक खदखदून हसले, पुंडलिकराव दर वेळी मागं वळून कोण हसलं ते बघत होते. मग दारातला तो 'येतो गं' आला, खुर्ची आली, आणि हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू येईना. पुढच्या रांगेत मुबश्शिरा ओढणीनं डोळे पुसत होती.

अंधारात पुंडलिकराव बायकोच्या कानाशी वाकले. "मी कुठं गेलो गं शेवटी?"

"कोथिंबीर आनायला."

"अन् मग?"

"मग काय? येतो म्हनून गेलाय न्हवं?"

लक्ष्मीबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. टाळ्या सुरू झाल्या, पुंडलिकराव टाळी वाजवायला हात सोडवू लागले, तरी त्यांनी तो सोडला नाही.