पडका गडगा

"पाड!" इंजिनियर उदय म्हणाला. "पाड, बाळाराम. परत सरळ झालाय."

बाळारामाने हातोडा खाली टाकला. ही चौथी खेप. सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवून त्याने छातीइतका गडगा उभा केला होता. वरून म्हैस चालत गेली असती तरी एक दगड हलला नसता, आणि नेमकी हीच तक्रार होती.

"सायब, उभा गडगा पाडायचा म्हंजे पाप हाय."

"पापाचं तू आणि देव बघून घ्या. मादामला पडका हवाय. शंभर वर्षं हळूहळू पडत आलेला."

सौदीतल्या खमीस मुशैतच्या वरच्या डोंगरात, जिथे दुपारी धुकं अंगावर येतं आणि माकडं कामगारांचे डबे पळवतात, तिथे एका शेखाला फ्रान्सचं गाव बांधायचं होतं. तिकडे फिरायला गेला, एका बारक्या खेड्यात आठ दिवस राहिला आणि ते खेडंच त्याच्या मनात भरलं. पैसा असला की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. बारा घरं झाली, पावाची भट्टी झाली, बायकांचा कपडे धुवायचा दगडी हौददेखील झाला. राहिला होता गावाबाहेरचा पडका गडगा. त्या गावात जन्मलेली एक मादाम देखरेखीला मुद्दाम आणली होती. हा गडगा पडका नसेल तर हे आमचं गावच नव्हे, असं तिचं म्हणणं.

बाळाराम रत्नागिरीकडच्या एका वाडीतला. गडगा रचायला बापाकडून शिकलेला. इथे येऊन तीन वर्षं झाली होती. दोन वर्षांनी मिळायची सुट्टी वर्षभर लांबली होती. विचारायला गेलं की मॅनेजर हम्माद एकच सांगायचा, "दीवार खलास, छुट्टी." सुट्टीचा व्हिसा त्याच्या मोबाइलात. त्याने बोट दाबल्याशिवाय बाळारामाला हा डोंगर उतरता येणार नव्हता.

आणि तिकडे घरचा गडगा पावसात आडवा झालेला. रोज जेवणाच्या सुट्टीत बायकोचा, सरूबाईचा फोन यायचा आणि रोज तेच रडगाणं.

"आवो, डुकरांनी सगळी रताळी उकरलानी! कवा येताय?"

"कोनाला तरी सांग रचायला."

"कोनाला सांगू? वाडीत गडगा रचनारा ऱ्हायलाय कोन? त्यो पिंटू म्हनतो, काकी, शिमिटाचं खांब मारून देतो. मी नाय म्हटला. तुमी येनार म्हनून थांबलंय मी."

हे ऐकलं की बाळाराम डबा मिटून पुन्हा दगडांकडे वळायचा.

त्याने पाचव्यांदा गडगा रचला आणि या वेळी स्वतःच पहार घालून मधोमध फोडला. घ्या, म्हणाला, पडका. मादाम आली, गुडघ्यावर बसली, दगडांवरून हात फिरवला आणि मान हलवली.

"काय म्हनते?" बाळारामाने उदयला विचारलं.

"म्हणते, हा आज फोडलाय. आमचा कुणी फोडला नाही. रचणारी माणसं शहरात गेली म्हणून तो पडला. तिच्या गावात आता अकराच माणसं उरलीत."

"म्हंजे आमच्या वाडीसारकाच झाला की!" बाळाराम म्हणाला, आणि तिथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

दुपारी त्यानेच सरूबाईला व्हिडिओ फोन लावला. "गडग्याकडं जा आनि फोन त्याच्यावर धर. हळू. एकेक दगड दाव."

"ऊन लागला काय तुमाला? पडक्या गडग्यात काय बगताय?"

"तू धर गो!"

तिने धरला. आधी गडगा फुगून पोट कुठे सुटलं, मग माथ्याचे दगड कसे घसरले, भेंडीच्या झाडाचं मूळ कुठून शिरलं, सगळं त्याने बघून घेतलं. नऊ दिवस रोज. ती विचारायची, ह्यो लांबडा कशाला आडवा घातलावता? तो सांगायचा, तो दोन्ही तोंडांना धरून ठेवतो. ह्या चिपा कशाला? वरचा दगड डुलू नये म्हणून. दुपारी बघायचं आणि उरलेल्या वेळात इथे तसंच रचायचं. आपल्याच पडझडीची नक्कल आपल्याच हाताने करायची होती, पण डोळ्यांसमोर सुट्टी होती.

शेवटचा दगड बसायला आणखी आठवडा गेला, मग मादाम आली. घसरलेल्या दगडांपाशी गेली आणि बोलता बोलता तिने डोळे पुसले. उदयने बाळारामाच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास! म्हणते, आमचाच गडगा आहे."

आमचा हाय, बाळारामाच्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात हम्माद आला, गडगा पाहिला आणि खुशीत हसला. "बहुत अच्छा, बाळाराम! शेख बोला, ऐसा पाच दीवार और. दुसरा आदमी नहीं कर सकता. छुट्टी बाद में."

बाळाराम उदयकडे बघत राहिला. उदयने नजर चुकवली. त्याचाही इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच हम्मादच्या हातात होता. सरळ रचत होता तोवर सुट्टी अडली, पडका जमला तर अडली ती कायमचीच. कुणाच्या नावाने बोंब मारायची तेही त्याला कळेना.

घरी सांगायचं कसं? त्याने फोन लावला. तोंड उघडायच्या आत सरूबाईच बोलू लागली. तिचे हात धुळीने माखले होते.

"बगा!"

गडगा उभा होता.

"मी आनि धाकट्या जावबाईनं रचला. नऊ दिवस दगडच बगत होतो ना? कुठला कुठं बसतो ता ध्यानात ऱ्हायला. काल डुकरं आली नि गडग्यावरनं परत गेली!" ती हसत होती. तीन वर्षांत अशी हसली नव्हती. "आता घाई करू नका. सावकाश या."

बाळारामाने गडगा वरपासून खालपर्यंत पाहिला. आपण येत नाही हे सांगायचं सोपं झालं होतं, आणि आपल्यावाचून अडत नाही हेही आजच कळलं होतं.

"फोन जरा जवळ ने," तो म्हणाला. "मदी. चिपांच्या वर."

तिने नेला. तिथे पोट सुटलं होतं, थोडंसंच. दुसऱ्या कुणाच्या नजरेला दिसलं नसतं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

"चांगला रचलास," तो म्हणाला. "दोन पावसाळं काडील."

"आनि मग?"

धुकं वर चढत होतं. खालून हम्मादने हाक मारली, "यल्ला, बाळाराम!"

"मग मी हायच," तो म्हणाला, आणि पुढचा गडगा पडका रचायला उठला.