चाळीस बायांचे कागद

दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं बुशराला सुचत नाही, पण दुनियेची फिकीर भारी. माझी नात नांदेडला हॉस्टेलवर राहून विद्यापीठात जगाचे प्रश्न शिकते. सुट्टीत औश्याला आली की खाटेवर लोळत सांगते, कोणत्या मुलखातली माणसं पोटासाठी कुठं गेली. तिचा बाप कलीम अकरा वर्षांपासून सौदीत आहे, हे तिला सांगावं लागतं.

या खेपेला कागदांचा गठ्ठा घेऊन आली. परमुलखात गेलेल्यांच्या चाळीस घरी जाऊन बायांना प्रश्न विचारायचे, जवाब लिहून आणायचे. चार दिवस पोरगी उंबऱ्याबाहेर पडली नाही आणि गठ्ठा भरला.

मी तिसरी पास. बोट ठेवून वाचते, पण वाचते. वरचाच कागद समोरच्या सबिहाचा. 'पती रोज फोन करतात.' सबिहाच्या नवऱ्याचा दोन वर्षांपासून पत्ता नाही, हे गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक.

"हे सबिहानं कधी सांगितलं गं?"

"दादी, सगळेच असं भरतेत. परवा जमा करायचंय. अन् लोकं कुठं खरं सांगतेत?"

"उंबऱ्यावरून विचारल्यावर कोन सांगल? बसावं, दोन भाकरी थापू लागावं, मग सांगतेत."

"चाळीस घरी भाकरी थापू का?" ती हसली.

मी खालचा कागद ओढला. हाजराबी, वय बहात्तर. म्हणजे मीच. 'मुलगा परदेशी गेल्याने जीवनात काही बदल?' पुढं तिच्या सुबक अक्षरात: 'नाही.'

मागच्या ईदला कलीम आला, तो रिक्षातून उतरून लंगडतच. पाय मोडून तीन वर्षं झाली होती. फोनवर तो छातीपर्यंतच दिसायचा. त्या दिवशी बुशरा माझ्या शेजारीच उभी होती.

माझा चेहरा बघून तिनं पेन उघडलं. "बरं, सांग ना दादी. खोडून लिहिते."

माझा कागद मी उभा फाडला. बाकीचा गठ्ठा मांडीखाली घेऊन बसले.

"आधी सबिहाकडं जा. मग बाकीच्यांकडं. मी शेवटची."

"अगं दादी, माझं वर्ष जाईल!"

"जाऊ दे. आम्ही फोनवर 'कसा हायस?' म्हणायचो, तुझा बाप 'बरा हाय' म्हणायचा, अन् आम्ही तेच धरून बसलो. आम्ही अडाणी होतो, बुशरा. तू तर विचारलं बी न्हाईस."