छत्तीस चेहरे

गणिताची नवी शिक्षिका आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, हे मी सरळ कबूल करते. आमच्या नववीतली मुलं तिला ‘ताई’ म्हणतात. मला माझ्या मागे ‘झाकण मॅडम’ म्हणतात. मुलांच्या हातात लॅपटॉप आल्यापासून माझा निम्मा तास “झाकणं खाली!” असं ओरडण्यात जातो. वर्गात छत्तीस लॅपटॉप. शेवटचं झाकण पडेपर्यंत पहिली दहा पुन्हा उघडलेली असतात.

वर्गशिक्षिका मी. अकरा वर्षं माझी नववी माझ्याबरोबरच दहावीत जाते. यंदा मात्र मुख्याध्यापिका म्हणाल्या, “दोघींचे तास बघते, मग ठरवू दहावी कोणाकडे द्यायची.” दोघींचे! हिला येऊन जेमतेम सहा महिने झालेत.

सोमवारी त्या माझ्या इतिहासाच्या तासाला बसल्या. मी घसा फोडून तहाची कलमं सांगत होते आणि मागच्या बाकावर गाड्यांची शर्यत चालली होती. माझी सख्खी भाची तिसऱ्या बाकावर बसून स्क्रीनवर विकायचे बूट बघत होती. मुख्याध्यापिकांनी वहीत बरंच काही लिहिलं.

बुधवारी गणित. मी शेजारच्या शिक्षक खोलीत लॅपटॉप उघडून बसले. वर्गशिक्षिका म्हणून मला त्या वर्गाच्या सगळ्या स्क्रीन कधीही दिसतात, छोट्या छोट्या चौकोनांत. एक तरी कार्टं खेळताना सापडावं, एवढीच इच्छा होती. पण छत्तीसही चौकोनांत एकच आलेख. भाचीच्यासुद्धा! माझ्या तासाला बूट आणि तिच्या तासाला आलेख. माझा जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही.

खाली ‘थांबवा’ असं बटण असतं. ते दाबलं की मुलांच्या स्क्रीन जागच्या जागी बंद पडतात. मी माझ्या तासाला ते एकदाच दाबलं होतं आणि वर्ग डोक्यावर घेतला होता पोरांनी. आता बघू ताईचा वर्ग काय करतो, म्हटलं, आणि दाबलं.

कान भिंतीला लावून बसले. आधी शांतता. मग मोठा हशा. आणि मग खडूचा आवाज. फळ्यावर कोणीतरी भराभर काहीतरी काढत होतं आणि मुलं ओरडून आकडे सांगत होती.

मला राहवेना. नकाशा न्यायचं निमित्त करून मी मागच्या दाराने वर्गात शिरले आणि दारातच थबकले. छत्तीस स्क्रीनवर मी होते. ओळखपत्रावरचा, ओढूनताणून हसणारा माझा फोटो, खाली ‘तुमच्या शिक्षिकेने स्क्रीन थांबवली आहे’. मुलांना तेव्हा काय दिसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी समोर उभी, लॅपटॉपच्या पाठीकडे. मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावरून आधी माझ्या फोटोकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

“या ना, मॅडम,” ताई म्हणाली. तिच्या बोटांना खडू लागला होता. “मीच विनंती केली होती यांना. मध्येच सगळं बंद करा म्हटलं, लॅपटॉपशिवाय मुलांना जमतं का बघू.”

“अरे वा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “म्हणजे दोघींनी मिळून ठरवलंत. मला वाटलं होतं तुमचं पटत नाही.” उभ्या राहून त्यांनी वही मिटली. “मग दहावी वर्गशिक्षिकेकडेच राहू दे. गणित ताईंकडे.”

मी मान हलवली.

नंतर व्हरांड्यात ती भेटली. मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी विचारलं, “खोटं का बोललात?”

“मुलांसमोर कसं सांगणार होते?” ती म्हणाली. “पुढच्या वेळी आधी सांगा हं, खडू शोधण्यात दोन मिनिटं गेली.” मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भाची घरी आली. “मावशी, ताईंनी तुला खरंच सांगितलं होतं?”

“हो. का गं?”

“काही नाही.” तिने बुटाची नाडी सोडली. “तुझा फोटो आल्यावर सगळे हसायला लागले ना, तेव्हा ताई चिडल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, त्यांना कोणी हसायचं नाही.”

दहावी मला मिळाली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.