डाव्या दंडातले दोन टाके

सोमवारी अकराच्या सुमारास चिमटीनं आजोबांच्या डाव्या दंडातली नर्व्ह कापली. मुद्दाम नाही. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत काम उरकायच्या घाईत तिला तो नुसता पांढरा पापुद्रा वाटला, आणि कात्री काही विचारून चालत नाही.

आजोबा म्हणजे मेडिकल कॉलेजात या आठ विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी मिळालेला, त्यांच्या टेबलावरचा देह. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आठही जणांनी पहिल्याच दिवशी त्यांना आजोबा करून टाकलं होतं. चिमटी शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी, त्यामुळे बारीक काम आलं की सगळे बिनधास्त तिच्या हाती चिमटा द्यायचे. त्यावरूनच चिमटी हे नाव तिला चिकटलं आणि तिलाही ते आवडायचं. आता त्याच नावाची अब्रू जायची वेळ आली होती.

सगळे जेवायला गेल्यावर तिनं पर्समधली सुई काढली, पांढरा दोरा ओवला आणि नर्व्हची दोन्ही टोकं दोन टाक्यांत जोडून टाकली. टाके इतके सुबक पडले की तिचं तिलाच कौतुक वाटलं. ते कौतुक संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही.

शनिवारी याच हातावर तोंडी परीक्षा होती, आणि त्यांच्या टेबलावरच्या आठांत लंबूही होता. लंबू आधीच्या दोन परीक्षांत आपटला होता. तिसऱ्यांदा आपटला तर त्याचं वर्ष जाणार होतं. बिचारा चालता-बोलता नर्व्हची नावं घोकत असे.

मंगळवारी प्रयोगशाळेत एकमेकांची नाडी मोजायची होती. लंबूनं तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"एकशे बारा," तो म्हणाला. "जिना पळत चढलीस का?"

"हो," तिनं ठोकून दिलं. गेला अर्धा तास ती तिथेच बसून होती.

बुधवारच्या व्याख्यानात तिचा पाय इतका हलत होता की पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागे वळून हात जोडले. वहीत तारखेखेरीज काही उतरलं नाही. जेवायला बसलं की भूक मरायची आणि ताट तसंच परत जायचं. आई रोज फोनवर विचारायची, "जेवलीस का?" आणि ही बिनदिक्कत म्हणायची, "जेवले."

गुरुवारी मात्र तिनंच विचारलं, "आई, गिऱ्हाईकाचं कापड कधी चुकून कापलंयस?"

"कापलंय की. एकाच्या कोटाची बाही."

"मग?"

"मग काय, त्याला बोलावलं आणि दाखवलं. वाट्टेल ते बोलला. पुन्हा फिरकला नाही."

"आणि तू?"

"त्या रात्री मी झोपले. त्याआधी चार दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. तू का विचारतेस?"

"सहज," असं म्हणून तिनं फोन ठेवला. शुक्रवारी विच्छेदन शिकवणाऱ्या मॅडमच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आली.

शनिवारी लंबूनं बोट ठेवून अगदी बरोबर नर्व्ह दाखवली. मॅडमनी ती चिमट्यानं उचलली, चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं.

"हे टाके कुणाचे?"

"माहीत नाही, मॅडम."

"रोज या टेबलाशी उभा असतोस आणि माहीत नाही?" मॅडमचं पेन गुणांच्या कागदाकडे गेलं.

लंबूचा चेहरा पार उतरला. चिमटीला ते सहन होईना.

"माझे आहेत," ती म्हणाली. "सोमवारी मी कापली. मीच शिवली. त्याला काही माहीत नाही."

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. मग लंबूला म्हणाल्या, "तू सांग पुढे." लंबू सुटला तो नर्व्हची वाट सांगत थेट बोटांपर्यंत पोचला आणि पास झाला.

चिमटीच्या नावापुढे त्यांनी शून्य लिहिलं आणि बारीक कात्री तिच्या हातात ठेवली. "उसव. आजोबांचा उजवा हात अजून शाबूत आहे. सोमवारी तो तू उघडायचास, सगळ्यांसमोर."

तिनं सातही जणांच्या देखत स्वतःचे टाके उसवले. टोकं अलग झाली. ती दबक्या आवाजात "चुकले, आजोबा" म्हणाली, आणि कुणी हसलं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"नापास झाले, आई."

पलीकडे शिवणयंत्र थांबलं. "बरं," आई म्हणाली. "जेवलीस का?"

"नाही. सोमवारपासून धड जेवलेच नाही," ती म्हणाली. "खूप भूक लागलीय."