कॉफीवरची सावली

"उतरा खाली! उतरा म्हन्ते न!"

आंब्यावर कुऱ्हाड घेऊन चढलेले भगवानराव दचकले. ते माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात भासऱ्यांसमोर बाई बोलत नाही, डोक्यावर पदर घेऊन आडोशाला राहते. लग्नापासून मीही तशीच राहिले. त्या दिवशी जीभ कुठली आवरते!

जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या उतारावर आमचं हे रान. आमचे हे तरुणपणी चिखलदऱ्याच्या कॉफीच्या बागेत राबले होते. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली तिथून रोपं आणून त्यांनी आंब्या-मोहाच्या सावलीत लावली. गाव फिदीफिदी हसलं. मी नाल्याचं पाणी डोक्यावर वाहत राहिले, तेव्हा कुठे यंदा पहिला पांढरा फुलोरा धरला. ते सांगायला हे हरखून चिखलदऱ्याला गेले, आणि इकडे भाऊ मदतीला धावले! वरच्या खांद्या साफ तोडल्या. चैत्राचं ऊन थेट रोपांवर.

"काऊन वं, काय झालं?" भासरे खाली उतरले. "निवृत्तीसाठीच, माह्या भावासाठीच केलं न म्या! सावलीत कपाशीले बोंड तरी लागते काय?"

"हे कपाशी आहे काय? याले सावलीच लागते! कोनाले इचारलं तुमी? पानी वाहाले घरचं एक मानूस नाई आलं, अन् कुऱ्हाड घेऊन बरे आले!"

"तोंड सांभाळ, कोकिळा."

"नाई सांभाळत! जीव घेतला तुमी रोपाइचा!"

घरातली लुगडी, गोधड्या, सगळं आणून मी रोपांभोवती रोवलेल्या काठ्यांवर टाकत सुटले. फुलोरा तोवर करपून तपकिरी झाला होता. पानं लोंबली होती.

भासरे निघून गेले. जाऊ दे म्हटलं, बला टळली. तर बैलगाडीभर पऱ्हाटी घेऊन परत आले. आम्ही दोघं कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांचा मांडव घालत राहिलो.

पऱ्हाटी संपली. टोकाचं एक रोप उघडंच राहिलं. भासऱ्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्याच्यावर पसरलं. उघड्या डोक्यानं ते उन्हात उभे राहिले.

"निवृत्तीले काय सांगू वं मी?"

"जे केलं तेच सांगा."

त्यांनी मान खाली घातली. माझा पदर केव्हाचा खांद्यावर पडला होता. तो मी वर घेतला नाही.