आणखी थोडं घाल

मेंढी वाचणार नव्हती. तिच्या जातीतली ती शेवटची मादी, म्हणून तिची दोन्ही अंडाशयं काढून आमच्या प्रयोगशाळेत आणली होती. त्यांचे पातळ तुकडे गोठवून ठेवले, तर पुढेमागे दुसऱ्या मेंढीच्या पोटी तिचं कोकरू जन्माला येऊ शकलं असतं. मालकीणबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या.

नुसतं गोठवलं की पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी आतून फाटते. म्हणून तुकडे आधी संरक्षक द्रावणात भिजवायचे. पण ते औषध जास्त झालं तर विष. राखणदारानंच घर लुटावं, तसं. हे मला सरांनीच शिकवलेलं.

"आणखी थोडं घाल," सर म्हणाले.

"पुरे आहे, सर."

"अगं, शेवटची मादी आहे. हात आखडता घेऊ नकोस." त्यांनी दुसरीच बाटली पुढे केली. "हेही घाल. पेशींना बळ देतं म्हणे."

"म्हणे?"

"फार प्रश्न विचारतेस."

"तुमचीच विद्यार्थिनी."

घरी सासूबाईंचं हेच. बाळ शिंकलं की स्वेटरवर स्वेटर. मी काढते, त्या घालतात आणि पोर घामोळ्यानं लाल होऊन दोघींकडे आळीपाळीनं बघतं.

तुकडे ताटकळत होते. शेवटी वैतागून म्हटलं, "एक अंडाशय तुमचं, एक माझं."

"बघच तू," सर म्हणाले.

गोठवून झाल्यावर दोन्हींतला एकेक तुकडा वितळवला आणि रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. माझा तुकडा बराचसा हिरवा होता. सरांचा लालच लाल. हट्टापायी अर्धी मेंढी गेली.

सर डोळा लावून कितीतरी वेळ बसले. मग उठले. "बाहेर मी सांगतो."

दाराआडून मला ऐकू येत होतं. "दोन होती ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"एक माझ्या हातून गेलं."

"मग राहिलेलं नीट सांभाळा," त्या म्हणाल्या.

सर आत आले ते थेट टाकीपाशी. राहिलेले तुकडे आता तिच्या तळाशी, द्रवरूप नायट्रोजनच्या गारठ्यात. झाकण उचलून त्यांनी आत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.

"नायट्रोजन उतरलाय. आणखी थोडा घालू का?"

"घाला, सर," मी म्हटलं. "हा कितीही घाला."