पूल जरा गार झालाय

मी मेपलच्या लाकडाचं टेबल बोलतोय. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, एका नदीकाठच्या गावात, व्यंगचित्रकलेच्या शाळेसाठी सुताराने मला घडवलं. पाठीला उतार दिला, कडेला दौतीपुरता खळगा. कितीतरी मुलं माझ्यावर वाकून शिकली. रागीट चेहरा काढायचा असला की ती स्वतःच दातओठ खायची.

शाळेने नवी टेबलं घेतली तेव्हा नोएल आणि तिचा वर्गमित्र अँसेल मला आपल्या खोलीवर घेऊन आले. दोघं नुकतेच शिकून बाहेर पडलेले. समोरासमोर बसून चित्रं काढायचे आणि न्यूयॉर्कच्या एका नामांकित साप्ताहिकाकडे पाठवायचे. तिथे छापून यावं, हे शाळेतल्या प्रत्येकाचं स्वप्न. नकार मात्र न चुकता येई.

मग नोएलचे वडील, आर्मां, तिच्याकडे राहायला आले. जन्मभर रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द अदलाबदल होऊ लागले. 'कॉफी' म्हणायला जात आणि 'पूल' म्हणून बसत. चूक त्यांची त्यांना कळे, मग ते दिवसभर गप्प राहत.

एका सकाळी ते म्हणाले, "पूल जरा गार झालाय."

नोएलने कॉफी गरम करून दिली आणि ती माझ्यापाशी येऊन बसली. तिने एक म्हातारा काढला. त्याच्या कपातून लोखंडी पूल वर आलेला, पुलावर बर्फात अडकलेल्या गाड्या. खाली तेच वाक्य.

अँसेल पोट धरून हसला. "हे पाठवच."

"वेडा आहेस का? बाबांच्या आजारावर लोकांना हसवू?"

"मग त्यांनाच विचार."

"आणि त्यांना लागलं तर? आधीच बोलणं टाकत चाललेत."

चित्र काही दिवस कोऱ्या कागदांखाली पडून राहिलं. शेवटी तिने ते वडिलांपुढे ठेवलं. आर्मां माझ्यावर हात टेकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्यांचं बोट सरकत नोएलच्या सहीपाशी थांबलं.

"माझं," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"वाक्य... माझं. नाव घाल."

चित्र त्या साप्ताहिकात छापून आलं, खाली बापलेकीची नावं होती. त्याच दिवशी अँसेलला पुन्हा नकार आला. तो थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. परतला तो सगळ्यांसाठी गरम पॅनकेक घेऊन.

"काका, पुढचं वाक्य मला द्या हं."

"आधी नदीत उभा राहा," आर्मां म्हणाले. त्यांना 'रांगेत' म्हणायचं होतं. चूक कळल्यावर तेच सर्वांत आधी हसले.

आता माझा एक पाय डुगडुगतो. खिळा ठोकायला कुणालाच सवड नाही, कारण काका दिवसभर बोलत असतात आणि दोघं ऐकत असतात. तुम्ही कधी आलात तर खिळ्याचं बघा. आणि काका बोलत असले, तर शब्द सुचवू नका. वाक्य त्यांचं त्यांना संपवू द्या.